दोन्ही कान उभे राहिल्यावर

अण्णा,

आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तू निघून गेलास. तुझी सवयच होती ती. वाद रंगात आला की तू चपला पायात सरकवायचास आणि "स्वल्प बाहेर जाऊन येतो, तंगी" म्हणून सटकायचास. स्वल्प म्हणजे जरासं, आणि तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. आमच्या घरात मराठी बोलतात असं आपण सगळ्या जगाला सांगत आलो, आणि तू सख्ख्या बहिणीला जन्मभर कानडीत हाक मारलीस. ह्या वेळी चपला दाराशीच राहिल्या.

परवा देवळामागच्या हॉलमध्ये आपल्या समाजाच्या लोकांनी तुझ्यासाठी सभा घेतली. चांगलं बोलले सगळे. तुझी फौजेतली नोकरी, चिक्कपेटेतलं आपलं कापडाचं दुकान, उत्सवात तू उभ्याने वाढलेल्या पंगती, सगळं निघालं. मी वहिनीच्या शेजारी बसून ऐकत होते. पण जी गोष्ट तुझ्या जिवाला लागून राहिली होती तिचा विषय कुणी काढला नाही. शोकसभेत कुत्र्याचा विषय काढत नाहीत, हे मलाही कळतं. म्हणून इथं काढते.

तुला एक बातमीही द्यायची आहे. पण ती शेवटी. "तंगी, तुला दम नाही, गोष्ट आधीच फोडून टाकतेस," असं तू मला म्हणायचास ना? आज बघ माझा दम.

तू कोरियाहून आलास तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. तिकडची लढाई थांबली होती आणि कैद्यांची राखण करायला आपल्या पलटणी गेल्या होत्या. तू स्टोअरकीपर, तेव्हा तुझा संबंध बंदुकीपेक्षा कांबळ्यांशीच जास्त. मद्रासला बोटीतून उतरून तू रेल्वेने बेंगळूरला आलास आणि कॉटनपेटेतल्या आपल्या दारात घोड्याचा जटका थांबला. वहिनी सकाळपासून नवं लुगडं नेसून बसली होती. दारात पाय ठेवलास, जाड कोटाची बटणं सोडलीस आणि आतून एक फिकट पिवळसर पिल्लू काढून तिच्या हातात दिलंस.

"लोक परदेशातून रेशीम आणतात," वहिनी म्हणाली, "आमचे हे कुत्रं घेऊन आले."

"हे साधं कुत्रं नव्हे," तू म्हणालास. बाबांनी विचारलं, मग काय वाघ आहे का? तू हसला नाहीस. फौजेत जाण्याआधीचा तू असतास तर हसला असतास, एवढं मला त्या क्षणी जाणवलं.

ती हकिगत तू नंतर इतक्या वेळा सांगितलीस, की मीच तिथं गेले होते असं मला वाटतं. तुमच्या तंबूंपासून लांब एक उजाड गाव होतं. तिथं पडक्या घराच्या आडोशाला एक म्हातारा बसलेला असायचा. दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावरून लढाईत फरफटत आलेला. त्याच्याजवळ एक कुत्री होती, अंगावर काळपट पट्टे असलेली, बरगड्या मोजून घ्याव्या इतकी वाळलेली, आणि तिचं हे एकच जगलेलं पिल्लू. तू उरलेला भात त्यांना द्यायचास. कुत्री तुझ्या हातून कधी खायची नाही. म्हातारा आधी भात आपल्या हातात घ्यायचा, मग ती खायची. तुमची निघायची वेळ आली तेव्हा म्हाताऱ्याने पिल्लू तुझ्या कोटात कोंबलं आणि दुभाष्याजवळ काहीतरी बोलला. दुभाषा म्हणाला, ही जात त्यांच्या बेटावरची, फार जुनी. लढाईत आणि उपासमारीत ती मरत चालली आहे. इथं आता काही राहायचं नाही. तू हिला लांब घेऊन जा, आणि हिचा वंश राहू दे, एवढंच त्याचं मागणं आहे.

तू 'हो' म्हणालास. बोटीवर कांबळ्यांच्या गठ्ठ्यात तिला दडवून आणलंस. पण त्या 'हो'चं ओझं तिच्याहून जड होतं, ते तुला बेंगळूरला आल्यावर कळलं.

बर्फातून आली आणि रंग खव्याच्या बर्फीसारखा, म्हणून वहिनीने तिचं नाव बर्फी ठेवलं. थोड्या महिन्यांत तिचे कान उभे राहिले. दोन टोकदार, ताठ, समोर झुकलेले कान आणि पाठीवर वळलेली शेपटी. कॉटनपेटेतले लोक तिला बघायला यायचे आणि कुणी कोल्हा म्हणायचं, कुणी आणखी काही. तिचे गुण मात्र घरात राहिल्याशिवाय कळत नव्हते. ती उगाच भुंकत नसे. मांजरासारखे पंजे चाटून स्वच्छ ठेवी. मोरीतल्या घुशी मारून तुझ्या खुर्चीपाशी ओळीने मांडी, आणि वहिनी किंचाळली की तिच्याकडे नवलाने बघे. आणि घरच्यांखेरीज कुणाच्या हातचं खात नसे. आपण सगळे येलहंक्याला आत्याकडच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा समोरच्या गौरम्माने तिच्यापुढे दूध ठेवलं, मुद्दा, म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, कुस्करून ठेवला, शेवटी तूपही घातलं. आपण परत आलो तर सगळं तसंच, आणि बर्फी उंबऱ्यावर. गौरम्मा इतकी रागावली होती की तुझ्याशी बोलेना. "निम्म नायिगे एष्टु गर्व!" म्हणाली, तुमच्या कुत्रीला केवढा तोरा! तुला त्या शिवीचा किती अभिमान वाटला होता.

आता हिचा वंश राहायचा कसा? बेंगळुरात काय, अख्ख्या देशात तिच्या जातीचा नर मिळणं शक्य नव्हतं. महिनोन् महिने तू विचार करत होतास. शेवटी एके दिवशी जेवताना जाहीर केलंस, स्थळ मिळालं. कॅन्टोन्मेंटकडे एका रिटायर्ड साहेबाचा अल्सेशियन आहे. मी विचारलं, त्याच्यात आणि बर्फीत सारखं काय? तू बोटं डोक्यापाशी उभी धरून म्हणालास, "कान."

अण्णा, तुझी खरी चूक तीच. आपण कापडवाले. काठ जुळला की लुगडं जुळलं असं आपल्याला वाटतं.

तू जटका ठरवलास, बर्फीला आंघोळ घातलीस, तिच्या अंगावर वहिनीची जुनी शाल टाकलीस. "पत्रिका बघितलीत का?" वहिनीने विचारलं. "मुलाचं गोत्र काय?" मी विचारलं. तू आम्हा दोघींकडे दुर्लक्ष करून जटक्यात चढलास आणि बर्फी तुझ्या शेजारी पुढे बघत बसली.

पिल्लं झाली. त्यांच्यासाठी तू एक रीत घातलीस, जगात दुसऱ्या कुठल्या घरात नसेल अशी. कान उभे राहिल्याशिवाय बारसं नाही. तोवर पिल्लाला नाव नाही, आणि कुणी लाडाने काही म्हटलं तरी तू डोळे वटारायचास. ज्याचे दोन्ही कान उभे राहतील त्याचंच नाव बर्फी, बाकीची ज्याला हवी त्याला. एका मादीचे दोन्ही कान उभे राहिले, ताठ, मोठे. तू गल्लीभर घुगऱ्या वाटल्यास. बाबा म्हणाले, ह्याच्या बारशाला मी एवढं केलं नव्हतं.

पण धाकटी बर्फी म्हणजे कान सोडून बाकी सगळी त्या साहेबाच्या बंगल्याची. दिवसभर भुंकायची. पोस्टमनला, पावाला, सावलीला. कापडाची ठाणं फाडायची. जो देईल त्याच्या हातचं खायची आणि वर हात चाटायची. एक दिवस बिस्किटांच्या हातगाडीमागे गेली ती बेकरीतच राहिली. तू तिला आणायला गेलास. तिने तुला बघून शेपटी हलवली, मग बेकरीवाल्याला बघून हलवली, मग पाव घ्यायला आलेल्या परक्या बाईला बघून तेवढीच हलवली. तू एकटाच परत आलास आणि म्हणालास, "मजेत आहे ती." पुढे बरेच दिवस तू बेकरीची वाट टाळून लांबून दुकानाला जायचास, हे मला ठाऊक आहे. कारण मी शिवणाच्या क्लासला त्याच वाटेने जायचे.

नंतरचं लग्न थोरल्या बर्फीने स्वतःच ठरवलं. तू कापड आणायला मद्रासला गेला होतास. मागच्या अंगणाची भिंत तू दोन विटांनी वाढवली होतीस, पण बर्फीला ती भिंत काहीच नव्हती. गौरम्माच्या पायरीखाली राहायचा तो करिया. गल्लीचा काळा कुत्रा, लोंबते कान, एका डोळ्यावर जुना व्रण. तू परत आलास आणि बर्फीकडे एकदा बघूनच तुला कळलं. तसाच तावातावाने समोर गेलास. मी मागे आले, कारण असा तमाशा चुकवणं मला जमत नाही.

"तुझ्या करियाने काय केलंय माहीत आहे का?" तू गौरम्माला म्हणालास. मराठीतच म्हणालास, एवढा रागावला होतास.

तिने तांदूळ निवडणं थांबवलं नाही. "नम्म करिया एनु माडिद?" आमच्या करियाने काय केलं? "तुमची नायी भिंत चढून आली. आमचा करिया तर झोपला होता. होगली बिडी, अण्णा." जाऊ द्या, सोडून द्या. तिच्या बाजूने एवढा निकाल लागला आणि तू घरी आलास.

ती पिल्लं रंगीबेरंगी निघाली. काळी, ठिपक्यांची, विटकरी. फूलवाल्याने एक नेलं, गिरणीवाल्याने एक, बाकीची कुठं कुठं गेली. एक मादी आईच्या रंगाची होती, ती वहिनीने ठेवून घेतली. तू वरवर लक्ष नाही असं दाखवायचास, पण रोज सकाळी तिच्या कानांना हात लावून बघायचास. दुकानातला ठाणाच्या आतला पुठ्ठा कापून, चिकटपट्टी लावून तू तिच्या कानांना आधारही दिलास. महिनाभर ती बिचारी शिंग फुटलेल्या वासरासारखी हिंडली. पट्टी काढली तेव्हा उजवा कान उभा राहिला आणि डावा पडला. मग गल्लीतलं कोण म्हणालं आठवत नाही, "अण्णा, ही अर्धा कोरिया!" सगळी गल्ली हसली. त्या देशाचे तुकडे होताना तू पाहिलं होतंस, म्हणून तुला हसू आलं नाही. मला मात्र आलं. अजूनही येतं.

तिला नाव मिळालं नाही. वहिनी म्हणाली, निदान अर्धं तरी द्या. तू म्हणालास, "दोन्ही कान ठरले होते." मग ती तशीच राहिली. आम्ही 'अगं', 'ए', 'इकडे ये' म्हणायचो. गौरम्मा तिला नुसतं 'मगळे' म्हणायची, म्हणजे मुली. तूही तिला दूर ठेवत नव्हतास. खायला द्यायचास, ती आजारी पडली तेव्हा गुरांच्या दवाखान्यात घेऊन बसलास. फक्त नाव तेवढं दिलं नाहीस. ती मात्र मोठी होता होता उगाच भुंकेनाशी झाली. पंजे चाटून साफ ठेवू लागली. एका सकाळी तुझ्या खुर्चीपाशी घूस मांडलेली निघाली. म्हातारी बर्फी तर तोवर अंगणातून हलत नव्हती. मी तुला हाक मारून दाखवलं. तू त्या घुशीकडे बघितलंस आणि म्हणालास, "सरी." म्हणजे ठीक. "पण कान?"

बर्फी म्हातारपणाने गेली तेव्हा आपण तिला मागे तगरीच्या झाडाखाली पुरलं. तू माती सारखी केलीस आणि म्हणालास, "संपला वंश." आणि ही बिननावाची तिथंच उभी होती, एक कान वर, एक खाली, मातीचा वास घेत.

मला राग आला, अण्णा. मी म्हटलं, "मग ही कोण?"

"हिचा बाप करिया."

"आणि आई?"

"तंगी, जात म्हणजे जात. पाण्यात दूध घातलं तर त्याला दूध म्हणत नाहीत."

तेव्हा मी तुला पुण्याच्या मामेभावाची आठवण करून दिली. तो आपल्याकडे राहायला आला होता आणि जेवताना तू म्हणालास, "स्वल्प सार वाढ गं, सरी झालंय आज." तो खो खो हसला. म्हणाला, ही कसली मराठी, ह्याला मराठी म्हणवत नाही. तू ताटावरून उठला नाहीस, पण पुढं काही वाढून घेतलं नाहीस. तो गेल्यावर तू खांबाला टेकून म्हणाला होतास, आमचे पणजोबा साताऱ्याकडून आले, इथलं पाणी प्यायले, इथल्या लोकांत राहिले, म्हणून आम्ही मराठी नाही का? देव तेच, सण तेच, घरात रडतो ते मराठीत. शब्द चार बदलले म्हणून माणूस बदलतं का?

"हेच," मी तगरीपाशी म्हटलं, "ह्याच न्यायाने बघ हिच्याकडे."

तू म्हणालास, "माणसाचं वेगळं, कुत्र्याचं वेगळं."

मी विचारलं, "कसं?"

तू चपला घातल्यास. "स्वल्प बाहेर जाऊन येतो."

ते 'कसं' तिथंच राहिलं. त्यानंतर आपण दोघं इतर किती विषयांवर भांडलो, भाड्यावर, राजकारणावर, माझ्या चष्म्याच्या काचांवर. पण प्रत्येक भांडणाच्या तळाशी ते 'कसं' होतं, आणि तुलाही ते माहीत होतं.

तुझ्यावर मी एवढी का चिडायचे, ते आता सांगते. माझ्या बाबतीत तू कधी कान बघितले नव्हतेस. मी लग्न करणार नाही म्हणाले तेव्हा बाबांनी जेवण सोडलं, आत्या येलहंक्याहून रडत आली, समाजात काय काय बोललं गेलं. तू मात्र सगळ्यांमध्ये बसून सुपारी कातरत होतास. शेवटी म्हणालास, "होगली बिडी. तिला शिवणाचा क्लास काढायचाय, काढू दे. दुकानावरची खोली रिकामीच आहे." झालं, एवढंच. ज्या मापात मी बसत नव्हते ते माप तू बाजूला ठेवलंस. मग त्या मुक्या जिवासाठीच तुझं माप इतकं कडक का, हे मला समजत नव्हतं. आज समजतं. मला तू कुणाला शब्द देऊन आणलं नव्हतंस. तिच्या मागे तो म्हातारा उभा होता. तो अजून जिवंत आहे की नाही हेही तुला माहीत नव्हतं, आणि ज्याला विचारता येत नाही त्याला दिलेला शब्द सैल करून घ्यायचा तरी कुणाकडून?

मग त्या डॉक्टरची गोष्ट झाली. फौजेत तुझ्याबरोबर होता तो जनावरांचा डॉक्टर, रिटायर होऊन इथं आला होता. एका रविवारी चहाला आला. तू आनंदाने त्याला विचारलंस, त्या बेटावरच्या जातीचं पुढं काय झालं, काही कळलं का? तो म्हणाला, कळलं तर. फार चांगलं झालं. तिथल्या सरकारने ती जात जपायला घेतली आहे. बेटावरच ठेवतात, बाहेरच्या कुत्र्यांत मिसळू देत नाहीत.

तुझा चेहरा काय उजळला होता! "म्हणजे वंश राहिला," तू म्हणालास.

"राहिला. आता तर नेमही ठरत चाललेत," डॉक्टर म्हणाला. "फिकट पिवळी आणि पांढरी, तीच खरी धरायची. काळी, पट्ट्यांची वगैरे पूर्वी असायची म्हणे, ती आता मोजत नाहीत. हळूहळू जातील."

तू बशी खाली ठेवलीस. मी सार गाळत होते, पण माझे कान तिकडेच होते. मी बाहेर येऊन विचारलं, "अण्णा, बर्फीची आई पट्ट्यांची होती ना?"

तू मान हलवलीस.

"म्हणजे तिच्या स्वतःच्या गावात आता तिलाच कुणी ओळखणार नाही?"

खरं सांगते, मी तेव्हा जिंकण्यासाठी बोलले नव्हते. मला ती वाळकी कुत्री डोळ्यांसमोर दिसली, म्हाताऱ्याने हातात घेतल्यावरच भात खाणारी. तू चष्मा काढलास, धोतराने पुसलास, पुन्हा घातलास. चपलांकडे गेला नाहीस. डॉक्टर गेल्यावरही तिथंच बसून राहिलास. मग म्हणालास, "तिथंही बदलतंय, तंगी." मी हो म्हटलं. तू उठून मागच्या अंगणात गेलास.

त्यानंतर एक गोष्ट बदलली, ती मी पाहिली पण तिचा अर्थ लावला नाही. त्या बिननावाच्या कुत्रीचं जेवण रोज तूच घालू लागलास. जर्मनच्या थाळीत दूधभात कालवायचास, मागच्या पायरीवर जायचास आणि दार ओढून घ्यायचास. वहिनी म्हणायची, डासांमुळे असेल. फिरायला न्यायचास तेव्हाही कुणाला बरोबर येऊ द्यायचा नाहीस. मी एकदा म्हटलं, मीपण येते, तर म्हणालास, "तू फार बोलतेस, तिला आवडत नाही." मी रागावून दोन दिवस तुझ्या सदऱ्याचं बटण लावलं नाही.

आणि मग तुझी छाती दुखली. फारसा त्रास न होता तू गेलास, असं सगळे म्हणतात, आणि मी त्याला मान हलवते. दुकानातून आलास, पाणी मागितलंस, खुर्चीत बसलास. आपण शेवटचं काय बोललो तेही धड आठवत नाही. बहुतेक पडद्याच्या कापडाबद्दल बोललो. इतक्या वर्षांचं बोलणं पडद्याच्या कापडावर संपावं, ह्याचं मला वाईट वाटतं. पण तुझ्याबरोबर मी इतकं बोलले आहे, की त्यातलं कुठलंही वाक्य शेवटचं म्हणून चाललं असतं.

आता बातमी.

तू गेल्यापासून ती जेवेना. तुझ्या खुर्चीखाली पडून होती. पाणी तेवढं प्यायची. वहिनीने दूधभात घातला, तिने मान वळवली. गौरम्मा आली, तुझ्यासाठी रडली, मग तिच्यासाठी मुद्दा कुस्करून आणला, तूप घालून. "तिन्नु मगळे," खा गं मुली, म्हणत तिच्याजवळ जमिनीवर बसली. तिने खाल्लं नाही. गौरम्मा ह्या वेळी रागावली नाही. जाताना मला म्हणाली, "आईसारखीच आहे." सुतकाचे दिवस, घरात येणारीजाणारी माणसं, कुणी म्हणालं मालकाच्या मागे जायची ही. तिच्या पाठीचं हाड वर आलं होतं.

शेवटी एका सकाळी मी तुझी ती जर्मनची थाळी घेतली. दूधभात कालवला. तिला कशीबशी उठवून मागच्या पायरीवर नेलं आणि तू ओढायचास तसं दार ओढून घेतलं. का, ते मलाही माहीत नव्हतं. ती तगरीपाशी जाऊन पडली, माझ्याकडे पाठ करून. मी थाळी खाली ठेवली आणि मला एकदम वाटलं, ही जाणारच असेल तर बिननावाची जायला नको. तू नाहीस, मला अडवायला कुणी नाही. उद्या वर भेटलास तर भांडू. मी म्हटलं,

"बर्फी."

अण्णा, नवं नाव ऐकलं की कुत्रं आधी नुसतं बघतं. आवाज कुठून आला, कुणासाठी आहे, त्याला शिकावं लागतं. ही बघत बसली नाही. तिचा उजवा कान उभा राहिला. डावाही हलला, अर्धा वर आला आणि पडला. मग ती उठली, रोजची हाक आल्यासारखी चालत आली, थाळीपाशी बसली आणि माझ्याकडे बघू लागली. मग मला तो म्हातारा आठवला. मी भाताचा घास हातात घेतला आणि पुन्हा म्हटलं, "बर्फी." तिने खाल्लं.

दार उघडून वहिनी उभी होती, पिठाचे हात तसेच. "काय म्हणालात वन्सं? पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं. बर्फीने थाळीतून मान न काढता शेपटी हलवली.

वहिनी पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. ह्या सगळ्या दिवसांत ती पहिल्यांदाच मोकळी रडली. मी रडले नाही. मी तिथं बसून थाळी रिकामी होईपर्यंत तुझ्या बंद दाराचा आणि एकट्याने फिरायला जाण्याचा हिशोब जुळवत होते.

म्हणजे तू हरला होतास. कधीचाच. त्या 'कसं'चं उत्तर तू मागच्या पायरीवर रोज देत होतास, दार ओढून, मला ऐकू येणार नाही अशा बेताने.

सांगायचं होतंस रे अण्णा. मी हसले नसते.

बरं, हसले असते. पण स्वल्पच.